व्हायोलिन वरच्या तारेपासून गेलं

बाळांनो,

गेल्या महिन्यात फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं मला काहीतरी सांगितलं आणि मी म्हणाले, "अरे वा! छान झालं!" पडद्यावर तिचा चेहरा थोडा वेळ तसाच राहिला. मग तुमच्या बाबांनी मध्ये येऊन एकेक शब्द तोडून, मोठ्यानं सांगितलं की ती सायकलवरून पडली आणि तिचा पुढचा दात तुटला. मी तेव्हाही हसतच होते. दात दाखवायला तिनं तोंड उघडलं होतं आणि मला वाटलं होतं, तीही हसते आहे.

म्हणून हे कागदावर. फोन आता माझ्या कामाचा राहिलेला नाही. थोरल्याचा आवाज फुटला तेव्हापासून त्याचं थोडंफार कळतं, कारण जाड आवाज माझ्या कानात अजून शिरतात. धाकटीचं काहीच कळत नाही. तिचे ओठ हलताना दिसतात, एवढंच. मराठीत लिहिते आहे, बाबा वाचून दाखवतील. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं अवघड नव्हतं, पण इंग्रजीत लिहायला बसले की मी वर्गात उभी राहते आणि पाठ आपोआप ताठ होते.

सांगायचं आहे ते एका आवाजाबद्दल. पुढच्या खोलीतल्या कपाटात ज्या काळ्या रेकॉर्डी आहेत, ज्यांना तुमचे बाबा लहानपणी "आईचा रडका बाजा" म्हणायचे, त्यांतल्या व्हायोलिनबद्दल. ते मला आता ऐकू येत नाही. ते कसं होतं हे मला अजून आठवतं, असं मी आज तरी म्हणू शकते. पुढच्या वर्षी म्हणू शकेन की नाही, सांगता येत नाही. म्हणून आताच.

त्या रेकॉर्डी आणि त्या वाजवायचा डेक मला आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुख बाईंनी दिला. त्या पारशी होत्या, इथे सुरतेत नानपुऱ्यात राहायच्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. एकदा परीक्षेचे पेपर द्यायला त्यांच्या घरी गेले तर आतून दोन माणसं भांडत असल्यासारखा आवाज येत होता, पण शब्द नव्हते. मी दारातच थांबले. ते संपलं तेव्हा मॅडमनी विचारलं, "समजलं काही?" मी म्हणाले, "नाही." त्या गुजरातीत म्हणाल्या, "बेस." बस. चहा दिला आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावली.

त्यांचा भाऊ व्हायोलिन वाजवायचा आणि त्या पियानो. भाऊ गेल्यावर त्यांनी पियानो विकला आणि रेकॉर्डी ठेवल्या. निवृत्त झाल्या तेव्हा एक टॅक्सी भरून त्या माझ्याकडे घेऊन आल्या. "गोड गोड होतं ते सगळं भाचीला दिलं," त्या म्हणाल्या. "आ कडवुं तारा माटे." कडू ते तुझ्यासाठी. ते कडू म्हणजे विसाव्या शतकातले व्हायोलिन आणि पियानोचे सोनाटा. सोनाटा म्हणजे काय ते तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. नसेल तर एवढंच धरा की दोन वादक समोरासमोर बसतात आणि तीन-चार भागांत एक लांब बोलणं पुरं करतात.

एक फ्रेंच माणसाचा होता. युद्ध चालू असताना आणि स्वतः आजारी असताना लिहिलेला, छोटा. त्यात व्हायोलिन एक वाक्य सुरू करतं आणि मध्येच सोडून दुसरं धरतं, जसं तापातलं माणूस बोलतं. एक रशियनाचा होता, तो मला सगळ्यांत जवळचा. त्यात एका जागी व्हायोलिन आवाज दाबून, अगदी कुजबुजत वरखाली धावत राहतं आणि खाली पियानो एकेक घाव घालतो, संथ, कुणाची घाई नसल्यासारखा. एका हंगेरियनाच्या सोनाटात दोघं एकमेकांचं ऐकतच नाहीत. मॅडम म्हणायच्या, गजानं ओढलेली तार आणि हातोडीनं मारलेली तार एकमेकींत कधी मिसळत नाहीत. आधीचे लोक ते झाकायचे, या लोकांनी झाकायचं सोडून दिलं. मला संगीताचं शास्त्र येत नव्हतं, अजूनही येत नाही. हे मात्र कळलं.

नवागामातलं आपलं घर तुम्ही पाहिलं आहे, पण खाली साड्यांच्या पार्सलांचं गोडाऊन आहे तेव्हाचं. तेव्हा तिथे तुमच्या आजोबांचं, आबांचं, लूमचं खातं होतं, म्हणजे कापड विणायचा छोटा कारखाना. धोट्याचे जुने लूम, दिवसाची पाळी आणि रात्रीची पाळी. जेवताना ताटातली वाटी थरथरत असे. आठवड्यातून एक दिवस खातं बंद असे, आणि त्या दिवशी शेजारणी म्हणायच्या की आज डोकं दुखतं, कारण आवाज नाही. मी त्या दिवशी रेकॉर्ड लावायची.

डेक आबांनी जोडला. टेक्स्टाइलचा डिप्लोमा, धुळ्याहून इथे आलेले, कुठलीही वायर त्यांना परकी नव्हती. डेकला दोन स्पीकर होते. आबांच्या मते एका खोलीत दोन स्पीकर म्हणजे एका खोलीत दोन पंखे. त्यांनी एक पुढच्या खोलीत ठेवला आणि लांब वायर टाकून दुसरा, मधली गॅलरी ओलांडून, मागे स्वयंपाकघरात फळीवर बसवला.

"तू काय भाकरी सोडून इथं येऊन बसणार आहेस? तुले तिठेच ऐकू येवाले पाहिजे," ते म्हणाले. घरात ते अहिराणीच बोलत आणि मी धरणगावची असून उत्तर पुस्तकी मराठीत देत असे, यावर ते मला "प्रोफेसरीण बाई" म्हणून चिडवत.

त्या काळच्या स्टीरिओ रेकॉर्डींत, निदान माझ्या पुष्कळशा रेकॉर्डींत, व्हायोलिन पूर्ण डाव्या बाजूला भरलेलं असे आणि पियानो पूर्ण उजव्या. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. डावा स्पीकर स्वयंपाकघरात आला. मी सुई ठेवायची, दोन क्षण पियानो ऐकू यायचा, आणि गॅलरी ओलांडून चुलीपाशी पोचेपर्यंत व्हायोलिन सुरू झालेलं असायचं. मला वाटायचं, रचनाच अशी आहे. आधी पियानो, मग तो गप्प आणि व्हायोलिन एकटं. मध्येच ते थांबायचं, फळीवरून नुसती बारीक खरखर यायची, आणि पुन्हा कुठूनतरी सुरू व्हायचं. हा आधुनिकपणा आहे, असं मी ठरवून टाकलं. आधुनिक कवितेवर शिकवताना वर्गात त्या मोकळ्या जागांबद्दल मी फार सुंदर बोलले आहे. मुलांनी उतरूनही घेतलं.

पुढच्या खोलीत आबा पेपर वाचत बसायचे. त्यांचं मत वेगळं होतं.

"तुझा हा गडी चांगला वाजवतो," एकदा ते म्हणाले, "पण मधेच थांबी जास. जोडीदार पाळीवर उना नही वाटतं." जोडीदार पाळीवर आलाच नाही, असं त्यांना वाटत होतं.

मी म्हणाले, "तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"माले पाळीतलं कळस," ते म्हणाले.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा मॅडम जेवायला आल्या. मी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. मॅडमनी भरीत चाखून, पारशी रीतीनं यावर अंडं का फोडलं नाही, असं विचारलं आणि आबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कॉलेजातल्या कुणाशी मनापासून हसले. मी रेकॉर्ड लावली होती. मॅडम ताट हातात घेऊन भाकरी मागायला स्वयंपाकघरात आल्या आणि फळीकडे बघत उभ्या राहिल्या. मग ताट घेऊनच पुढच्या खोलीत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. मला वाटलं, मीठ जास्त झालं.

"डिकरी," त्या ओरडल्या, "आ तो अडधुं छे!" पोरी, हे तर अर्धंच आहे.

हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. आबांनी लगेच फळीवरचा स्पीकर काढला आणि पुढे नेऊन दुसऱ्याशेजारी ठेवला. मॅडमनी मला दोन्हींच्या मध्ये खुर्चीवर बसवलं आणि रशियन सोनाटा पहिल्यापासून लावला. तुम्हाला वाटेल, मला केवढा आनंद झाला असेल. मला आवडलं नाही. माझ्या व्हायोलिनमध्ये कुणीतरी येऊन बोलत होतं. त्या मोकळ्या जागा, ज्यांवर मी तास घेतले होते, त्या सगळ्या भरलेल्या होत्या. सवय व्हायला पुष्कळ आठवडे लागले. पुढे मला दोघंही आवडायला लागले, पण एकट्या व्हायोलिनचा तो आवाज, फोडणीच्या वासातला, फळीवरून येणारा, माझ्या कानात वेगळा राहिला. मला वाटत नाही की त्या सोनाटांतलं व्हायोलिन इतक्या वेळा, इतकं उघडं, दुसऱ्या कुणी ऐकलं असेल. वाजवणारा सोडून.

तेच गेलं.

आबांचे कान माझ्या आधीच गेले. खात्यातल्या सगळ्यांचेच जात. लूमच्या आवाजात तिथे कुणी तोंडानं बोलत नसे. ओठ हलवत आणि हातानं खुणा करत. धागा तुटला तर दोन बोटांची कात्री, चहा आला तर अंगठा ओठाला, मालक येतोय तर मिशीवरून बोट. मालक आबाच, आणि ती खूण त्यांनाही माहीत होती. निवृत्तीनंतर ते घरातही असंच बोलू लागले. मला राग यायचा. मी मागून हाक मारायची, ते वळायचे नाहीत, आणि मी म्हणायची, "भिंतीशी बोलते मी."

मग हळूहळू कुकरची शिट्टी मला शेजारणीनं येऊन सांगावी लागली. सकाळी खिडकीबाहेरच्या चिमण्या गेल्या असं मला वाटलं, आणि सुरतेत चिमण्या राहिल्या नाहीत हे खरंही आहे, म्हणून मी त्याचं फार मनावर घेतलं नाही. पण एक दिवस कठड्यावर एक बसलेली दिसली. चोच उघडत होती, मिटत होती.

कानाच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "खातं घराखालीच होतं?" हो म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याकडच्या मुलीनं मला काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि एक आलेख हातात दिला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. माझी रेघ थोडा वेळ सरळ जाते आणि मग घाटातून उतरल्यासारखी खाली जाते. घरी येऊन तो आबांना दाखवला. आबांनी तो नीट पाहिला, जसा कापडाचा नमुना पाहायचे, आणि बाजूची खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"उनी का तू बी?" ते म्हणाले. "बठ." आलीस का तूही? बस.

व्हायोलिन वरच्या तारेपासून गेलं. हे मी नीट सांगते, कारण हे मी रोज पाहिलं आहे. आधी त्या फ्रेंच सोनाटाच्या शेवटी अगदी वर चढलेला एक सूर असतो, तो गेला. मला वाटलं, सुई झिजली. नवी सुई आणवली. मग सुरांभोवतीची झळाळी गेली, गजाचा घासही गेला, आणि सूर बाटलीत फुंकल्यासारखे पोकळ झाले. मग वरच्या तारेवरचं सगळंच गेलं. व्हायोलिन पायऱ्या चढत जाई आणि वरच्या मजल्यावर पाऊल ठेवताच नाहीसं होई, थोड्या वेळानं खाली उतरताना पुन्हा दिसे. पियानो मात्र तसाच होता, त्याचा डावा हात तर पहिल्यासारखा.

कानाचं मशीन घेतलं. त्यानं आबांचं खोकणं, दारावरची थाप, भाजीवाल्याची गाडी हे सगळं परत आणलं, आणि व्हायोलिन होतं नव्हतं ते पुसून टाकलं. मी त्या मुलीकडे तक्रार घेऊन गेले. ती मला बा म्हणायची, गुजरातीत आजीला म्हणतात तसं. तिनं समजावून सांगितलं की मशीन कधीकधी स्वतःच शिट्टी मारतं, म्हणून लांब, बारीक, न हलणारा आवाज आला की ती आपलीच शिट्टी आहे असं समजून ते तो दाबून टाकतं.

"बा, ये मशीन बातें सुनने के लिए है," ती म्हणाली. "गाने का सेटिंग कर देती हूँ, लेकिन पहले जैसा मत सोचना."

सेटिंग करून आणलं. रशियन सोनाटा लावला. तेल न घातलेलं चाक फिरावं तसं काहीतरी ऐकू आलं. आबांनी ओठ हलवून विचारलं, कसं आहे? मी हातानं खूण केली, तुटलेल्या धाग्याची. ती खूण मला येते हे मलाच ठाऊक नव्हतं.

मशीन काढून ठेवून, आवाज मोठा करून, स्पीकरच्या जवळ खुर्ची ओढून बसायला लागले. आणि एक चांगली गोष्ट घडली, असं मला वाटलं. तुमच्या बाबांनी त्याच रशियन सोनाटाचं एक नवं रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवलं होतं. ते मी कानाला लावून ऐकलं तर त्यात नुसता पियानो. मग जुनी रेकॉर्ड लावली तर व्हायोलिन आहे! कमी, पण स्वच्छ. ती वरखाली धावणारी कुजबुज सुद्धा. मी आबांना सांगितलं की जुन्या रेकॉर्डींची गोष्टच वेगळी, नव्या लोकांना भरताच येत नाही. दोन दिवस मी याच आनंदात होते. पण मला कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय ठेवता येत नाही, हे तुमचे बाबा तुम्हाला सांगतील. मीच आबांना म्हणाले, "तपासा."

आबांनी मला स्पीकरकडे तोंड आणि डेककडे पाठ करून बसवलं. रेकॉर्ड लावली. मी ऐकत होते आणि हात वर करून सांगत होते: आलं, येतंय, आता वर चाललंय, आता कुजबुज. तो भाग संपला तेव्हा मी वळले. आबांचं बोट डेकशेजारच्या त्या कळीवर होतं, जिच्यानं एका बाजूचा आवाज कमी करता येतो. त्यांनी डावी बाजू पूर्ण बंद केली होती. पहिल्यापासून.

मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी सुई उचलण्याच्या दांडीला हात लावून दाखवलं. सुरुवातीपासून.

"मग मी काय ऐकत होते?"

आबा थट्टा केल्याशिवाय राहत नाहीत, पण तेव्हा त्यांनी केली नाही. त्यांनी कळ सरळ केली, माझ्या चेहऱ्यासमोर आले आणि ओठ सावकाश हलवत म्हणाले, "चहा कर."

चहा करताना मी विचार करत होते की आपल्याला मूर्ख बनवलं कुणी. कुणीच नाही. पियानोचा सूर आला की पुढचा व्हायोलिनचा सूर माझं डोकं स्वतःच घालत होतं, त्या फळीवरच्या स्पीकरपाशी शिकलेला. नव्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा निराळा, चाल किंचित निराळी, म्हणून तिथे डोक्याला ते जमत नव्हतं. म्हणजे किती महिने, किंवा किती वर्षं, मी जे ऐकत होते ते रेकॉर्डीवरून येतच नव्हतं, आणि ते कधी थांबलं हे मला कळलंही नव्हतं. आपल्याला निरोप तरी द्यायला मिळेल, असं माणसाला वाटत असतं.

त्या मुलीला पुढच्या वेळी विचारलं की कानात शस्त्रक्रिया करून बसवतात ते यंत्र माझ्या उपयोगाचं आहे का. ती म्हणाली, बोलणं कळायला कदाचित, व्हायोलिनसाठी नाही. या वेळी तिनं "सोचना" वगैरे काही म्हटलं नाही.

यानंतर पावसाळाभर मी डेकला हात लावला नाही. दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ पुसली. पुसताना वेगाचा खटका फडक्यात अडकून सरकला असणार. त्या जुन्या डेकवर वेगाचे चार आकडे आहेत: सोळा, तेहेतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. रेकॉर्डी सगळ्या तेहेतीसच्या. सोळाचा उपयोग आम्ही कधी केला नव्हता आणि कशासाठी असतो तेही माहीत नव्हतं. साफ झालं की चालवून बघायचं, म्हणून मी रशियन सोनाटा लावला.

पियानो असा आला, जशी कुणी लोखंडी पेटी फरशीवरून ओढत नेत आहे. आणि त्याच्यावर दुसरा आवाज होता. मी आधी विश्वास ठेवला नाही. उठून आबांना बोलावलं, त्यांना त्या कळीनं उजवी बाजू पूर्ण बंद करायला लावली आणि या वेळी स्वतः डोळ्यांनी बघत बसले. आवाज होता. डाव्या स्पीकरमधून येत होता. निम्म्या वेगानं व्हायोलिनचा प्रत्येक सूर एक सप्तक खाली उतरला होता, माझ्या रेघेचा घाट सुरू होण्याच्या अलीकडे. वरच्या तारेवरचं, इतकी वर्षं नाहीसं झालेलं, सगळं एकेक करून चालत येत होतं. कुजबुज तर मला मोजता आली असती.

"व्हायोलिन आलं," मी आबांना म्हणाले.

त्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले, मग माझ्याकडे बघून ओठ हलवले, "हाई व्हायोलिन शे?"

हे व्हायोलिन आहे? त्यांना ऐकू येत नव्हतं. हाताला जे लागत होतं त्यावरून ते विचारत होते.

मी हो म्हणाले. दुपारभर मी एकामागून एक रेकॉर्डी लावल्या. दुसऱ्या दिवशीही. ते व्हायोलिन नव्हतं. त्याच्याहून मोठ्या वाद्याचाही तो आवाज नव्हता, कुठल्याच वाद्याचा नव्हता. वादक सूर धरताना बोट जे हलवतो, त्याची थरथर म्हाताऱ्या माणसाची मान हलावी तशी झाली होती. गज तारेवर टेकतो तो आवाज चिखलातून पाय काढल्यासारखा. फ्रेंच माणसाचं तापातलं बोलणं आता झोपेच्या गोळीनंतरचं बोलणं झालं होतं. तरी सूर तेच होते, त्याच क्रमानं, आणि मी म्हणाले, इतकं मिळालं, इतकं पुरे.

साधारण आठवडाभरानं मी पोळ्या लाटत होते. हात चालू असले की डोक्यात रशियन सोनाटातली ती कुजबुज आपोआप सुरू होते, वर्षानुवर्षांची सवय. ती सुरू झाली, आणि जाड होती. निम्म्या वेगाची. मी पोळपाट सरकवून उभी राहिले आणि जुनी आठवायचा प्रयत्न केला, याच खोलीतली, याच फळीवरची. सुरुवात आली आणि पुढच्याच सुराला ती खाली घसरून जाड झाली. दुसरा सोनाटा आठवून पाहिला. तोही. जे कानातून गेलं होतं ते डोक्यात मी जपून ठेवलं होतं, आणि आता त्या आठ दिवसांच्या ऐकण्यानं ते तिथूनही निघायला लागलं होतं.

मी पुढच्या खोलीत गेले, खटका तेहेतीसवर आणला आणि झाकण लावलं.

आबांनी विचारलं, "का?"

मी सांगितलं. त्यांना कळायला दोनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, "म्हणजे ऐक तरी जास, नको ऐकू तरी जास." ऐकलं तरी जातं, न ऐकलं तरी जातं.

"हो."

"मग ऐक ना."

मी अजून ऐकलेलं नाही. त्यांचं चुकतं आहे असंही मला म्हणता येत नाही. नवा आलेख गेल्या आठवड्यात काढला. घाट आणखी अलीकडे सुरू होतो. त्या मुलीनं दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. या गतीनं सोळाच्या वेगालाही ते मला फार दिवस ऐकू येत राहणार नाही, म्हणजे ठरवण्यासारखं जे आहे तेही आपोआप संपेल. डोक्यातली जुनी कुजबुज अजून कधी येते. सकाळी उठल्या उठल्या, काही बोलायच्या आधी. येते तेव्हा पहिली काही पावलं बारीक आणि चपळ असतात. मी तिला पुढे ढकलत नाही.

तुम्ही या रेकॉर्डी नेऊन ऐकाव्यात, असं मी म्हणत नाही. तुमच्या बाबांनी जागा नाही असं सांगितलं आहे आणि ते खरं आहे. शिवाय हे सगळं आता मोबाइलवर मिळतं, जास्त स्वच्छ. मॅडमना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. या घरात आता दोघंच आहेत आणि दोघांनाही व्हायोलिन ऐकू येत नाही.

रेकॉर्डी कपाटात उभ्या ठेवल्या आहेत, एकही वाकलेली नाही. डेकचं आतलं रबराचं चाक आबांनी बदललं, तो सुरळीत फिरतो. पियानोच्या डाव्या हाताचे सूर मला अजून ऐकू येतात.